बारीक आवाज

आमच्या ह्यांना सगळे ‘बोळा’ म्हणतात. तोंडावर बोळासाहेब, पाठीमागे नुसताच बोळा. तरुणपणापासून कानांत कापसाचे बोळे घालून हिंडायची सवय. रस्त्यात बोळे, बाजारात बोळे, दुसऱ्यांच्या लग्नात बोळे. कुणी विचारलं की म्हणायचे, "माझं पोट कानांवर चालतं, कान नकोत का जपायला?" माझ्या माहेरची माणसं आली की हे बोळे जरा जास्तच आत जायचे. त्याचं कारण मात्र मी कधी विचारलं नाही, कारण मला ते ठाऊक होतं.

ह्यांचा धंदा आवाजाचा. कुठे गाण्याचा किंवा वादनाचा कार्यक्रम असला की माइक लावायचे, वायरी ओढायच्या, आणि सगळा कार्यक्रम रेकॉर्ड करायचा. आमची ओळखही तिथलीच. मी तेव्हा कार्यक्रमांचं निवेदन करायची. नवी साडी नेसून मोठ्या ऐटीत माइकसमोर उभी राहिले, पहिलं वाक्य बोलले, तेवढ्यात पडद्यामागून एक माणूस आला आणि हळूच म्हणाला, "बाई, माइक खाऊ नका, तो माझा आहे." मला इतका राग आला की पुढचा सगळा कार्यक्रम मी त्या माणसाचाच विचार करत होते. पुढे काय झालं ते सांगायला नको.

लग्न करून आले तर घरभर वायरी. दाराच्या कडीला वायर, खुर्चीच्या पाठीवर वायर, कपाट उघडलं की अंगावर वायर. माझ्या डब्यांवर नाव लिहायला घरात चिकटपट्टी मिळायची नाही, कारण लाल, पिवळी, निळी, हिरवी, सगळी पट्टी त्या वायरींच्या टोकांना गुंडाळलेली. एकदा मी इस्त्रीची वायर इस्त्रीभोवती घट्ट गुंडाळून ठेवली, तर हे असे कळवळले की जणू मी पोराचा कान पिळला. "अगं, ओढून नाही गुंडाळायची. तिला जिकडे वळायचंय तिकडे वळू दे. एक वेढा सरळ, एक उलटा." तेव्हापासून आमच्या घरात इस्त्रीचे लाड होतात.

हळूहळू ते काम मला समजत गेलं. समजून घ्यायचं असं काही ठरवलं नव्हतं, पण जेवताना समोरचा माणूस दुसरं काही बोलतच नसेल तर करता काय? तर ते असं असतं. स्टेजवरच्या प्रत्येक वाद्याचा, प्रत्येक गळ्याचा आवाज वेगळ्या वायरीतून एका लांबट पेटीत येतो. त्या पेटीत प्रत्येक आवाजाला दोन वाटा फुटतात. एक वाट जाते हॉलमधल्या मिक्सरकडे. तिथे बसलेला माणूस कुणाचा आवाज वाढवतो, कुणाचा कमी करतो, आणि समोरच्या लोकांना ते सगळं एकत्र ऐकू येतं. दुसरी वाट जाते रेकॉर्डिंगच्या यंत्राकडे. तिथे कुणी काही वाढवत नाही की घटवत नाही. व्हायोलिन व्हायोलिनच्या जागी, बासरी बासरीच्या जागी, प्रत्येक आवाज आपापल्या खोलीत वेगळा राहतो. हॉलमधल्याने एखादं वाद्य पार बंद केलं तरी इकडे ते अख्खं उतरतं. नंतर कुणीतरी शांतपणे बसून त्या सगळ्या आवाजांची मोट बांधतो आणि मग ते ऐकण्यासारखं गाणं होतं. ही दुसरी वाट आमच्या ह्यांची.

आमची लेक ह्याच वायरींत वाढली. शाळेतून आली की दप्तर टाकून थेट बापाच्या मागे. मोठी झाल्यावर प्रत्येक कार्यक्रमाला त्यांच्या शेजारी हेडफोन घालून बसायची. हे तिला सारखं विचारायचे, "सांग, झांजा कशा वाटतायत? गायिकेच्या ‘स’मध्ये शिट्टी वाजतेय का? बासरीचा श्वास जास्त होतोय?" ती सांगायची आणि हे मान डोलावून जाऊन माइक जरा सरकवायचे. लोक म्हणायचे, बोळ्याने पोरीला काय तयार केलंय! मलाही ऊर भरून यायचा. बाप असावा तर असा, असं मी चारचौघींत सांगतही सुटले होते.

मग एकदा ह्यांना ताप आला. मी ते काखेत ठेवायचं इलेक्ट्रॉनिक थर्मामीटर दिलं आणि स्वयंपाकघरात गेले. आतून मला त्याची टी-टी-टी अशी हाक ऐकू आली. वाटलं, काढतील. काढलं नाही. थोड्या वेळाने बघते तर हे तसेच, हात दाबून, डोळे मिटून बसलेले.

"अहो, झालं की कधीच. काढा ते."

"वाजलं कुठे अजून?"

मला वाटलं तापात थट्टा सुचतेय. मी ते काढलं, पुन्हा लावलं आणि समोरच बसून राहिले. ते वाजलं. माझ्या कानांत टोचेल इतकं स्वच्छ वाजलं. ह्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं.

"कळतं मला," ते म्हणाले. "बरेच दिवस झाले."

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक रेघ काढून दाखवली. सुरुवातीला छान सपाट आणि पुढे जिन्यावरून घसरल्यासारखी. बोलणं ऐकू येईल, गाणं ऐकू येईल, पण बारीक, टोकदार आवाज गेले ते गेले. आयुष्यभर कापूस कोंबून जपलेले कान, आणि तेच असे दगा देणार! मला डॉक्टरीणबाईंचा राग आला, कापसाचा राग आला, देवाचा तर आलाच. घरी येताना रस्त्यात ह्यांनी मला सांगितलं, लेकीला कळता कामा नये. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. झांजा कशा वाटतायत, शिट्टी वाजतेय का, हे सगळे प्रश्न... हे शिकवत नव्हते. हे विचारत होते.

लपवायचं कारण दोन पदरी होतं. एक तर धंदा. आवाजवाल्याचे कान गेले हे कळल्यावर त्याला कोण बोलावणार? पण दुसरं त्याहून जड होतं. लेकीला लांबच्या एका स्टुडिओतून बोलावणं आलं होतं. मोठी जागा, मनासारखं काम, रेकॉर्ड झालेल्या आवाजांची मोट बांधायचं. तिने अजून होकार कळवला नव्हता. "हिला कळलं तर ही जाणार नाही," हे म्हणाले. "माझे कान म्हणून इथेच बसून राहील." आम्ही दोघांनी ताकास तूर लागू द्यायची नाही असं ठरवलं. मला गुपित ठेवता येत नाही असं माझ्या सासरचे सांगतात. त्यांना काय माहीत!

तशातच एका वाद्यवृंदाचा कार्यक्रम आला. व्हायोलिन वाजवणाऱ्या एक बाई त्याच्या प्रमुख, शिस्तीच्या, ताठ. दुपारचा प्रयोग, हॉल भरलेला, आणि त्याच प्रयोगाचं रेकॉर्डिंग करून त्यांना आपला पहिला अल्बम काढायचा होता. सगळे वादक एका वेळी एका जागी जमायचे ते एवढ्याच दिवशी, त्यामुळे पुन्हा वाजवून घेऊ ही सोय नव्हती. आणि ह्या वेळी बाईंनी हॉलचं मिक्सर आमच्या लेकीकडे दिलं. ती आनंदाने उड्या मारायचीच बाकी होती. बापाने पाठ थोपटली. मला मात्र वेगळाच प्रश्न पडला, ती तिकडे बसली म्हणजे इकडे ह्यांच्या शेजारी कोण?

"मी येते," मी म्हटलं.

"तू काय करणार येऊन?"

"तुमचा डबा आणते."

"डबा मी नेऊ शकतो."

"मग तुम्हाला आणते," मी म्हटलं आणि चप्पल घातली.

स्टेजच्या बाजूला एक छोटी खोली होती. रंगाचे डबे, मोडकी मखरं, आणि त्यात मधोमध टेबलावर ह्यांचं यंत्र. यंत्राच्या पडद्यावर प्रत्येक आवाजासाठी एकेक उभी हिरवी पट्टी. कुणी वाजवलं की ती वर उडी मारायची. सकाळपासून ह्यांनी एकेक वायर हाताने चाचपून पाहिली होती. व्हायोलिनच्या वायरीला लाल चिकटपट्टी, बासरीला निळी, कीबोर्डला पिवळी. वादकांनी येऊन वाजवून दाखवलं, पडद्यावरच्या हिरव्या पट्ट्यांनी उड्या मारल्या, सगळं बिनबोभाट झालं. प्रेक्षक आत यायला लागले. हे एक सैल वायर बांधायला बाहेर गेले आणि मी, करायला काही नाही म्हणून, हेडफोन डोक्याला लावला. एकेका आवाजाचं बटण दाबून आत डोकावायचं, एवढं मला येत होतं.

ड्रम शांत. बासरी शांत. कीबोर्डचं बटण दाबलं आणि मला डास ऐकू आला.

खराखुरा डास. कानाशी येऊन गुणगुणतो तसा, पण एका जागी थांबलेला. मी हेडफोन काढला, डास गेला. घातला, आला. हे परत आल्यावर मी सांगितलं. त्यांनी हेडफोन घातला, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं.

"काही नाही," ते म्हणाले. "पट्टी बघ, तळाला आहे. एवढीशी तर असतेच."

"आहे म्हणते ना मी!"

"भास झाला असेल तुला."

आता मी स्वभावाने काही गरीब गाय नाही. मी आवाज खाली ठेवून म्हटलं, "अहो, ज्याला ऐकू येत नाही त्याने ऐकू येणाऱ्याला भास सांगू नये."

मला लगेच वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही. तो डास हॉलमध्ये कुणाला ऐकू येणार नव्हता. कीबोर्डचं काम कार्यक्रमात उशिरा सुरू व्हायचं होतं, तोवर लेकीने त्याचा आवाज तिकडे बंद ठेवला होता, आणि उघडल्यावरही डास बाकीच्या वाद्यांखाली दबला असता. तो फक्त आमच्या वाटेने येत होता आणि थेट अल्बममध्ये जाऊन बसणार होता. नंतर कापून काढायचा म्हटला तर कीबोर्डची सगळी चमक त्याच्याबरोबर गेली असती. पण ते कळणार होतं पुढे कधीतरी. आत्ता गप्प बसलं तर बोळासाहेबांची लाज शाबूत होती. ह्यांना हे सगळं माझ्याआधी कळलं होतं, मी फक्त त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

त्यांनी टेबलावरचा छोटा माइक ओढला. त्यातून स्टेजमागे आणि लेकीच्या कानात, दोन्हीकडे बोलता यायचं.

"पडदा थांबवा. कीबोर्डच्या वायरीत आवाज येतोय."

लगेच प्रमुख बाई दारात. "हॉलमध्ये तर काहीच नाही! लोक बसलेत. तुम्ही मघाशी तपासलंत ना?"

आणि त्याच वेळी लेकीचा आवाज आला, "बाबा, इकडे सगळं स्वच्छ आहे. तू स्वतः ऐकलंस का?"

किती साधा प्रश्न. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, म्हणतील हो, ऐकलं, आणि वेळ मारून नेतील. मीही त्यांना तेच सुचवत होते डोळ्यांनी.

"नाही," ते माइकमध्ये म्हणाले. "तुझ्या आईने ऐकला. मला तो ऐकू येणारच नाही. बारीक आवाज माझे केव्हाच गेलेत."

बाईंनी व्हायोलिन एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. माझे डोळे भरून आले आणि त्याचाही मला राग आला, कारण डोळे पुसायला वेळ नव्हता.

मग लेक बोलली. "आई, हेडफोन लाव आणि काढू नकोस. बाबा, तू स्टेजवर जा. टेबलावरचा माइक उघडाच राहू दे, आई त्यातून तुला सांगेल."

हे पडद्यामागच्या अंधारात गेले. तिथे एकेक गोष्ट काढायची, पुन्हा लावायची. मी इकडून त्या माइकमध्ये ओरडत होते, "आहे... आहे... अजून आहे..." दिव्याची वायर काढली, डास आहे. वायर बदलली, डास आहे. मला घाम फुटला. आणि मग एकदम कानात अशी शांतता पसरली की मी खुर्चीवरून उठलेच. "गेला! अहो, गेला!"

कारण निघालं कीबोर्डवाल्याचा लॅपटॉप, त्याच्या कीबोर्डचे सूर त्यातूनच निघायचे. सकाळी तो बॅटरीवर चालला होता, म्हणून सगळं स्वच्छ होतं. आयत्या वेळी बॅटरी संपत आलेली बघून त्याने चार्जर लावला आणि चार्जरबरोबर डासही आला. चार्जर काढला तर लॅपटॉप मधेच मान टाकणार. पण कीबोर्डची वायर ज्या लोखंडी डबीतून पुढे जाते तिच्यावर एक बारीकसा खटका असतो, अशी विजेची घरघर तोडण्यासाठीच. हे गुडघ्यावर बसले, डबी शोधली, पेनाच्या टोकाने खटका दाबला आणि चार्जर परत लावला.

"आता?" त्यांनी दारात येऊन विचारलं.

मी कानांत प्राण आणून ऐकलं. "नाही. काही नाही."

"नक्की?"

"तुमची शपथ."

पडदा वर गेला. कार्यक्रम कसा झाला हे मला विचाराल तर सांगता येणार नाही. मी सगळा वेळ ऐकत होते, पण गाणं नाही, गाण्याच्या मागचं. हे शेजारी पट्ट्यांवर नजर लावून बसले होते. मधेच त्यांनी माझा हात घेतला, आणि तो सोडायचं बहुधा विसरले. शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

हॉल रिकामा झाल्यावर लेक आली. वायरी गुंडाळायला बसली. एक वेढा सरळ, एक उलटा. हेही समोर बसले. मी मधे पडले नाही, हे माझ्या बाबतीत विशेष.

"म्हणजे तू मला शिकवत नव्हतास," ती म्हणाली.

"शिकवतच होतो. फक्त उत्तर मला माहीत नसायचं."

तिला हसू आलं आणि रडूही. मग वायर खाली टाकून म्हणाली, "मी नाही जात. कळवून टाकते त्यांना."

"हेच नको होतं म्हणून तोंड शिवलं होतं मी," हे म्हणाले. त्यांचा आवाज चढला, एरवी कधी चढत नाही. "हे बघ. आज प्रत्येक आवाज वेगळा उतरलाय. काही कापलेलं नाही, काही दाबलेलं नाही. मला ऐकू आलं नाही तेही सगळं त्यात आहे. हे कुणीतरी ऐकायला हवं ना? तू घेऊन जा. तिथे बस, सावकाश ऐक, आणि गाणं कर त्याचं. आवाज पोहोचवायचं काम माझ्या हातांना अजून येतं. ऐकायचं काम तुझं, मग तू कुठेही बस."

"आणि इथे? पुढच्या कार्यक्रमात डास आला तर?"

"इथे मी आहे," मी म्हटलं. मधे पडायचं नाही असं ठरवलं होतं, पण ठरवलेलं सगळं कुठे होतं?

लेक गेली. त्या दुपारचे सगळे आवाज तिच्याबरोबर गेले. अल्बम तिनेच बांधला आणि तो ऐकून शिस्तीच्या बाईंनी मला, ह्यांना नाही, मला फोन करून आभार मानले. आधी सांगायला हवं होतं तुम्ही, असंही सुनावलं. ते खरंच होतं. बाकी सगळं गोड झालं असं नाही. बातमी पसरली, दोन-तीन मंडळांनी बोलावणं बंद केलं. एकाने तर रस्त्यात ओळखही दाखवली नाही. तेव्हा मी त्याच्या बायकोला काय बोलले ते लिहीत नाही.

मग एका नव्या गायन मंडळाचा निरोप आला. आम्ही दोघं त्यांच्या तालमीच्या जागी गेलो. तिथला व्यवस्थापक तरुण, घाईतला, कानाला फोन. ह्यांनी पेटी खाली ठेवली आणि मी अजून पदर सावरतेय तोच म्हणाले, "एक आधीच सांगतो. बारीक आवाज मला ऐकू येत नाहीत. वायरी मी जोडतो, ऐकते ही."

इतके दिवस जे झाकलं ते ह्यांनी असं नमस्कार म्हटल्यासारखं सांगून टाकलं होतं. व्यवस्थापकाने फोन कानापासून लांब केला. ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे आत दोघं बसणार ना?" तो म्हणाला. "मग दोन खुर्च्या लागतील." आणि तो खुर्ची आणायला गेला.